अकरा प्रकारचं बारीक

इंजेक्शनच्या बाटल्या भरणाऱ्या त्या कारखान्यात ‘लहान’ या अर्थाचे अकरा इंग्रजी शब्द वापरात होते आणि अकराच्या अकरा एकाच बाईच्या हस्ताक्षरात होते.

बाईंना सगळे भिंगताई म्हणत. वय एकावन्न, नोकरी बावीस वर्षांची, शिक्षण दहावी, इंग्रजीत काठावर पास. कामाची जागा म्हणजे एक खुर्ची, वरून पडणारा पांढरा उजेड आणि समोर उभी पाटी, अर्धी काळी, अर्धी पांढरी. भरलेली बाटली मानेशी धरायची, बुडबुडे येणार नाहीत अशी हलकेच गोल फिरवायची आणि आतलं औषध फिरत असताना पाच सेकंद काळ्यावर बघायची, पाच सेकंद पांढऱ्यावर. आत काही तरंगलं तर बाटली लाल ट्रेमध्ये, नाही तर हिरव्या. लाल ट्रेमधल्या प्रत्येक बाटलीला नंबर द्यायचा आणि रजिस्टरमध्ये त्या नंबरापुढे, दोन बोटं रुंदीच्या रकान्यात, काय दिसलं ते इंग्रजीत लिहायचं.

सुरुवातीची काही वर्षं सगळ्याजणी ‘स्मॉल पार्टिकल’ लिहीत. पहिल्या ओळीत पूर्ण, खाली पानभर नुसती दोन-दोन टिंबं, म्हणजे वरच्यासारखंच. भिंगताईंना ती टिंबं सलायची. त्यांना खालच्या ओळीत वरच्यासारखं काहीच दिसलेलं नसायचं. एका बाटलीत काळा ठिपका बुडाशी बसलेला, दुसरीत काचेची कपची वळताना एकदा चमकलेली, तिसरीत कापसाचं तूस लोळत आलेलं. या तिघांना एकच नाव देणं म्हणजे घरातल्या तिन्ही पोरांना ‘अरे ए’ म्हणून हाक मारण्यासारखं.

मुलगी तेव्हा शाळेत होती. तिच्या डिक्शनरीच्या मागे एका चौकटीत एकाच अर्थाचे शब्द दिले होते. ‘स्मॉल’पुढे चार ओळी भरून. भिंगताईंनी चौकटीचं शीर्षक वाचलं आणि त्यावर विश्वास ठेवला नाही.

“एकाच अर्थाचे कसे असतील?” त्या मुलीला म्हणाल्या. “कणी म्हणजे रवा नाही, रवा म्हणजे तूस नाही, तूस म्हणजे कुसळ नाही. ते लोक एवढे शब्द पाळतात म्हणजे त्यांच्याकडे एवढ्या वस्तू असणार. उगाच कोण घरात अडगळ ठेवतं?”

“आई, परीक्षेत असं लिहिलंस तर शून्य मिळेल.”

“मला कुठे परीक्षा द्यायचीये?”

मग जशी वस्तू बाटलीत सापडत गेली तसा त्यांनी तिला एकेक शब्द नेमून दिला. स्पेक म्हणजे काळा, बुडाशी बसणारा. मोट म्हणजे बसायचं नावच न घेणारा, उन्हाच्या तिरिपेतल्या धुळीसारखा. ग्रेनला कोपरे असतात. फ्लेक चपटा, वळताना एकदाच चमकून गप्प होणारा. स्लिव्हर लांबट आणि टोकदार. फाइन कधी एकटा येत नाही, पिठासारखा गटाने येतो. ट्रेस म्हणजे वस्तू नव्हेच, पाण्यात राहिलेली तिची रेघ. टायनी पहिल्या फेरीत दिसतो, मायन्यूट दुसरी फेरी मागतो. आणि ज्याच्याबद्दल आणखी काही सांगण्यासारखं नाही, तो स्मॉल.

काही शब्दांना प्रवेश मिळाला नाही. ‘टीनी’ आणि ‘वी’ हे बाळाशी बोलायचे लाडके शब्द क्वालिटीच्या साहेबांनी खोडले. “ताई, हे रजिस्टर आहे, पाळणा नाही.” ‘मायक्रोस्कोपिक’ भिंगताईंनी स्वतःच घेतला नाही. जे नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही ते मी दिसलं म्हणून कोणत्या तोंडाने लिहू, असं त्यांचं म्हणणं. आणि ‘इन्फिनिटेसिमल’ हा म्हणे सगळ्यांत लहान वस्तूचा शब्द. तो रकान्यात मावेना.

शेजारच्या दिव्यासमोर एक तिशीतली बाई बसायची. तिचं तोंड चालूच असायचं, म्हणून तिला रेडिओ म्हणत. दर दुपारी ती विचारायची, “काय ताई, आज किती जणांना नावं ठेवलीत?” पण स्वतःला काही वेगळं दिसलं की बाटली पुढे करून तीच म्हणायची, “हा कोण हो? स्पेक की ग्रेन?”

असे दहा शब्द बरीच वर्षं पुरले. अकरावा या वर्षी बारा मार्चला आला. पांढऱ्या पाटीवर एक धागा दिसला. धागाही म्हणवत नव्हता, धाग्याची सावली. काळ्यावर तो नव्हताच. बाटली थांबवली तरी तो सावकाश खाली सरकत राहिला. दुसऱ्या फेरीत गायब, तिसऱ्या फेरीत हजर. दिसला न दिसला असा. भिंगताईंनी बाटली रेडिओला दाखवली, तिने मान डोलावली, आणि रकान्यात लिहिलं गेलं, फेंट.

जुलैपर्यंत रजिस्टरमध्ये दोनशे चौदा फेंट झाले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, एका बुधवारी, माल घेणाऱ्या कंपनीची ऑडिटर आली. भिंगताईंच्या मुलीपेक्षा थोडीच मोठी, आवाज खालचा, हातात पेन्सिल. शुक्रवारपर्यंत राहणार होती. दुपारी तिने रजिस्टर मागवलं आणि तासाभराने रजिस्टर लिहिणारीला बोलावलं. साहेब आधीच तिथे बसलेले होते.

“हे सगळं तुमचं अक्षर?”

“हो, मॅडम.”

“सुरेख आहे. मला एकच सांगा. तुमच्या नियमपुस्तकात दोष एक आहे, ‘दिसणारा कण’. रजिस्टरात अकरा नावं आहेत. एका दोषाला अकरा नावं आहेत की दोषच अकरा आहेत?”

“समानार्थी आहेत हो मॅडम,” साहेब मध्ये पडले. “ताईंना भाषेची जरा हौस—”

“मी त्यांना विचारलं.”

भिंगताई उभ्या होत्या. टेबलावर पाण्याचा पेला होता आणि त्यात काय तरंगतंय ते त्यांना दिसत होतं. त्या म्हणाल्या, “विचार करून सांगते.”

“शुक्रवारी सकाळी, लेखी. आणि हा फेंट कोण तेही लिहा. बाकीचे दहा जुने आहेत. हा मार्चमध्ये जन्मला आणि जुलैत घरातला कर्ता होऊन बसलाय.”

बाहेर बोळात साहेबांनी त्यांना गाठलं. साहेब वाईट माणूस नव्हते. पंधरा वर्षं त्यांनी या शब्दांखाली न बोलता सह्या केल्या होत्या, आणि आता त्या सह्याच त्यांना दिसत होत्या.

“ताई, नीट ऐका. अकरा दोष म्हणालात तर फेंट हा नवा दोष ठरतो. तो नऊ बॅचेसमध्ये आहे. नऊच्या नऊ अडकतील. आणि ज्या बाईला नियमपुस्तकाबाहेरचे दोष दिसतात तिला मी दिव्यासमोर कशी बसवू? पुढच्या महिन्यात तुमचं प्रमाणपत्र नवं करायचंय. ते झालं नाही तर लेबलला जावं लागेल.”

संध्याकाळी त्यांनी टाइप केलेला कागद आणून दिला. ‘सदर सर्व शब्द समानार्थी असून केवळ भाषेत वैविध्य यावे या हेतूने वापरण्यात आले.’ खाली सहीची रेघ.

“साहेब, वैविध्य यावं म्हणून मी आयुष्यात काही केलेलं नाही.”

“मग आता करा.”

लेबल विभागात पगार तोच होता. वेळ तीच, चहाची सुट्टी उलट पाच मिनिटं जास्त. तिथे बाटलीवरचं लेबल सरळ लागलंय का, तारीख उमटलीय का, एवढं बघायचं. ते कोणालाही दिसतं. दिव्यासमोरची खुर्ची तशी नव्हती. दर वर्षी परीक्षेच्या शंभर बाटल्यांत मुद्दाम दोष घालून ठेवत, आणि बावीस वर्षांत भिंगताईंचा एकही सुटला नव्हता. कारखान्यात त्यांना मान होता तो एवढ्याचाच. साहेबसुद्धा चष्म्याचा स्क्रू पडला की त्यांनाच बोलवत.

त्या संध्याकाळी त्या घरात एका जागी बसल्या नाहीत. ओट्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून ओट्यापर्यंत. पाणी प्यायला पेला घेतला की तो मनगटातून गोल फिरवायचा, उजेडाला धरायचा आणि न पिता ठेवून द्यायचा. असे तीन पेले ओट्यावर जमा झाले.

“आई, बस ना,” मुलगी म्हणाली. ती आता नोकरी करत होती. दिवसभर इंग्रजीतली पत्रं वाचून त्यांना उत्तरं लिहीत होती. “तुला बघून मला गरगरायला लागलंय. सही करून टाक. समानार्थीच आहेत ते. मी तेव्हाच सांगितलं होतं.”

“तू तेव्हा सहावीत होतीस.”

“डिक्शनरी तर सहावीत नव्हती ना?”

नवरा शिंपी. पुढच्या खोलीत त्याचं कापायचं टेबल आणि दोन मशिनं. तो तिथूनच म्हणाला, “शब्द गेले तर जाऊ देत गं. डोळे तर कोणी काढून घेत नाही?”

“तुम्हाला मधेमधे बोलायला कोणी सांगितलंय? सदऱ्याच्या बाह्या लावा.”

“लावतोय. दोन्ही एकाच बाजूला लागल्या तर तुझ्या बडबडीने.”

गुरुवारी त्यांची दुपारची पाळी होती. सकाळी नऊच्या सुमारास त्या नवऱ्याला चहा द्यायला पुढच्या खोलीत गेल्या. टेबलावर पांढरं शर्टाचं कापड पसरलेलं होतं आणि खिडकीतून त्यावर ऊन आलं होतं. कप ठेवताना त्यांना कापडावर धागा दिसला. त्यांनी नखाने उचलायला बघितला. हाताला काही आलं नाही. पुन्हा बघितला.

“काय वेचतेस?”

“धागा आहे. हा बघा.”

“कुठे?”

“हा काय. इथे. सरकला.”

“सरकला? मुंगी आहे का ती?” नवऱ्याने कापडावर वाकून बघितलं, तळहात फिरवला. “काही नाही. एवढी वर्षं कात्री चालवतोय, पांढऱ्यावरचा धागा माझ्या नजरेतून सुटेल होय?”

भिंगताई सरळ झाल्या. समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघितलं. धागा भिंतीवर होता. सावकाश खाली उतरत होता. त्यांनी नजर डावीकडे नेली. तोही डावीकडे आला, पण जरा मागून, रेंगाळत, आणि नजर थांबल्यावरही थोडा पुढे वाहत गेला. त्यांनी तळहाताने उजवा डोळा झाकला. धागा होता. डावा झाकला. भिंत स्वच्छ झाली.

असं त्यांनी सात-आठ वेळा केलं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “कापडावर नाहीये तो.”

“तेच म्हणतोय मी.”

“माझ्या डोळ्यात आहे.”

“मग पाण्याचा हबका मार. जाईल.”

“जाणारा नाहीये.” त्या तिथेच उभ्या होत्या, एक हात डोळ्यावर. “ओळखीचा आहे. मार्चपासून रोज भेटतोय.”

नवऱ्याने कात्री खाली ठेवली. शिंप्याला डोळ्याचं गांभीर्य सांगावं लागत नाही.

हा तसा रोग नव्हे. पन्नाशीच्या पुढेमागे डोळ्याच्या आतल्या गरात असे धागे सुटतात. आभाळाकडे बघितलं की दिसतात, आणि माणसं त्यांना विसरून जातात. पुढे डॉक्टरांनी हेच सांगितलं, वर ‘सवय होईल’ असंही सांगितलं. पण पांढऱ्या पाटीवर तरंगणारी बारीक वस्तू शोधणं हेच जिचं काम, तिला ती विसरणं कसं जमणार? शिवाय हा धागा बाटलीतल्या धाग्यासारखाच वागतो. बाटली थांबते आणि आतला कण वाहत राहतो. नजर थांबते आणि डोळ्यातला धागा वाहत राहतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, पण आपल्या डोळ्यातलं कुसळ दुसऱ्याच्या बाटलीत दिसावं, हे कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

दुपारी पाळीवर गेल्यावर भिंगताईंनी प्रत्येक बाटली दोनदा बघितली, एकदा दोन्ही डोळ्यांनी आणि एकदा डावा मिटून. पहिल्या दोन तासांत दोन्ही डोळ्यांना सहा फेंट दिसले होते. एकट्या उजव्याला एकही नाही.

मग असंच एका डोळ्याने काम करावं का? त्यांनी पाऊण तास करून बघितलं. जमत नाही. एका डोळ्याला खोली कळत नाही. ठिपका काचेच्या आत तरंगतोय की बाहेर ओरखडा आहे, ते सांगता येत नाही. ट्रेमधून तीन बाटल्या परत उचलून बघाव्या लागल्या. तीनही ओरखडेच होते.

“ताई, आज डोळा का मारताय पाटीला?” रेडिओ म्हणाली.

“तुला बारा मार्च आठवतो का?”

“मला परवाचं आठवत नाही.”

“मी तुला बाटली दाखवली होती. पांढऱ्यावर धागा. तू हो म्हणालीस.”

रेडिओने आठवून बघितलं. तिचा आवाज एकदम उतरला. “दिसला होता की मला. पण ताई, तुम्ही ‘हा बघ’ म्हणालात म्हणून दिसला की खराच दिसला, ते आता नाही सांगता यायचं. तुम्ही दाखवलंत आणि मला दिसलं नाही, असं कधी झालंय?”

मग चहाची सुट्टी झाली. ती संपेपर्यंत भिंगताई हात धुवायच्या जागेपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होत्या. दोनशे चौदा. सगळे आपल्याच डोळ्यातले? पण मग शब्द आला कुठून? त्यांनी आजवर न दिसलेल्या वस्तूला नाव दिलेलं नव्हतं. की पहिला खरा होता आणि बाकीचे त्याच्या ओळखीवर आत शिरले?

घरी मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि शहाण्यासारखं बोलली.

“हे बघ आई. चांगल्या बाटल्या तू फेकल्यास. खराब तर पाठवल्या नाहीस ना? मग कुणाचं काय बिघडलं? साहेबांच्या कागदावर सही कर. डोळ्याचं बोलू नकोस. वर्ष-दोन वर्षांनी सांग की आता झेपत नाही. मानाने उठशील खुर्चीतून.”

हे सगळं भिंगताईंना सकाळपासून स्वतःलाच पटत होतं, आणि म्हणूनच बसवत नव्हतं. त्यांनी वहीचं एक पान फाडलं आणि उभ्याउभ्याच, फ्रिजवर पान टेकवून, लिहायला घेतलं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी ऑडिटरपुढे ते पान ठेवलं. अकरा ओळी होत्या. प्रत्येक शब्दापुढे पेनने काढलेली छोटी आकृती आणि मराठीत दोन-दोन वाक्यं: कुठे बसतो, कसा फिरतो, काळ्यावर दिसतो की पांढऱ्यावर. साहेबांचा टाइप केलेला कागद खाली होता, सहीवाचून.

साहेबांनी पान बघितलं आणि खुर्चीत मागे टेकले.

“वस्तू अकरा आहेत, मॅडम,” भिंगताई म्हणाल्या. “दहांची खात्री मी देते. कुठलीही बाटली आणा, मी सांगते कोण ते. अकराव्याची देता येत नाही.”

“का?”

“तो माझ्या डोळ्यात आहे. डाव्या. काल कळलं.”

ऑडिटरने पेन्सिल ठेवली. पहिले सावरले ते साहेब, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा रंग आला.

“म्हणजे दोषच नाही! मॅडम, हा निरीक्षकाच्या दृष्टीचा प्रश्न झाला. दोनशे चौदा चुकीच्या नोंदी, मालात काही नाही. आम्ही नोंदी रद्द करतो, नेत्रतपासणी करून घेतो आणि ताईंना—”

“लेबलला पाठवतो,” भिंगताईंनी वाक्य पुरं केलं.

“नियम आहे, ताई. मी काय करू?”

“मी कुठे काय म्हणते?”

साहेबांनी कोरा कागद ओढला आणि तिथल्या तिथे लिहायला लागले. ‘सर्व २१४ नोंदी दृष्टिदोषामुळे झालेल्या असून...’ लिहून कागद त्यांच्याकडे सरकवला. पेनसुद्धा दिलं.

भिंगताईंनी वाचलं. “यातलं ‘सर्व’ काढा.”

“आता काय झालं?”

“डोळ्यात धागा आहे, हे लिहून देते. सगळे डोळ्यातलेच होते, हे नाही देणार. मला माहीत नाही ते. मार्चमधला पहिला मी हिला दाखवला होता, शेजारच्या दिव्यावरचीला. तिलाही दिसला होता.”

“ताई, सुतावरून स्वर्ग गाठू नका.”

“सूतच आहे ते, साहेब. बाटलीत आहे का तेवढं बघा म्हणते.”

“अहो, डोळा खराब आहे असं जी स्वतः सांगतेय, तिच्या सांगण्यावरून दोनशे चौदा बाटल्या पुन्हा बघायच्या?”

“बाटल्या कुठे आहेत?” ऑडिटरने विचारलं.

लाल ट्रेमधला माल ऑडिट होईपर्यंत फोडत नाहीत. जाळीच्या खोलीत कुलपात ठेवतात. बाटल्या होत्या, नंबरवारी.

“मग बघा ना,” ऑडिटर म्हणाली. “तीन जणी, एकमेकींशी न बोलता. या नकोत.”

भिंगताईंना बोळातल्या बाकावर बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत. दाराच्या काचेतून आतला उजेड दिसत होता, पाटी दिसत नव्हती. एका बाटलीला किती वेळ लागतो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे आत काय चाललंय ते त्यांना बाहेरून मोजता येत होतं. नंबरवारी म्हणजे मार्च आधी. आता पहिल्या दहा झाल्या असतील. आता एप्रिल लागला असेल. आता डोळ्यांना विश्रांती.

काय निघावं, हेच त्यांना ठरवता येईना. काही नाही निघालं तर चार महिने आपण रोज दिव्यासमोर बसून आपलाच डोळा तपासत होतो. आणि निघालं तर? बाटलीत धागा असावा अशी इच्छा करायची म्हणजे कुणाच्या तरी शिरेत जाणाऱ्या औषधात धागा असावा अशी इच्छा करायची. त्या बोळाच्या टोकापर्यंत जाऊन परत येत होत्या. पहारेकऱ्याने दोनदा विचारलं, “ताई, तब्येत बरी आहे ना?” तिसऱ्यांदा त्याने नुसतीच खुर्ची पुढे केली. त्यांनी ती भिंतीला लावून ठेवली.

दोन वाजता दार उघडलं. तिघींनी वेगवेगळ्या कागदांवर लिहून दिलेले नंबर जुळले होते. सहा बाटल्यांमध्ये धागा होता. दोनशे आठांत काहीच नव्हतं. सहाच्या सहा बारा ते चौदा मार्चच्या. पंधरा तारखेपासून एकही नाही.

“चौदाला काय बदललं?” ऑडिटरने विचारलं, आणि देखभालीचा माणूस वही घेऊन आला. चौदा मार्चला भरण्याच्या यंत्राची नळी बदलली होती. ठरल्याप्रमाणे, मुदत संपली म्हणून. जुनी नळी आतून झिजून तिचे सालपटासारखे धागे सुटत होते, हे बदलणाऱ्याला कळायचं कारण नव्हतं. नळी बदलली आणि खरा फेंट संपला. पण तोवर भिंगताईंच्या नजरेला त्याची ओळख झाली होती. नंतर डोळ्यातला आला तेव्हा त्यांनी जुना माणूस म्हणून त्याला दार उघडलं.

नऊपैकी आठ बॅचेस सुटल्या. मार्चमधली ती एक अडकली. ती अजून गोदामात होती, परदेशी जायच्या वाटेवर. तिच्या हिरव्या ट्रेमधून पास झालेल्या सगळ्या, जवळजवळ अठरा हजार बाटल्या पुन्हा दिव्याखाली आणायचं ठरलं. साहेबांनी कागद नव्याने लिहिला. ‘सर्व’ गेलं, ‘२०८’ आलं. भिंगताईंनी सही केली.

सोमवारपासून त्या लेबलला गेल्या.

नियमपुस्तकात नवं प्रकरण आलं. त्यांच्या अकरा आकृत्या त्यात स्वच्छ काढून घेतल्या आहेत. शब्द घेतले नाहीत. इंग्रजी येणाऱ्याचा गोंधळ होईल, असं ठरलं. आता लिहायचं ते प्रकार एक, प्रकार दोन, असं अकरापर्यंत. रेडिओला ते अजून पाठ होत नाही. “सात म्हणजे स्लिव्हर, नाही का हो?” असं ती जेवणाच्या सुट्टीत येऊन विचारते, आणि भिंगताई लेबलावरून नजर न काढता म्हणतात, “सात म्हणजे ट्रेस. स्लिव्हर पाच.”

लेबलचं काम त्यांना पुरत नाही. ट्रे लवकर संपतो. मग त्या उठतात, खिडकीपर्यंत जातात, येतात, दुसरीचा ट्रे मागतात. पलीकडच्या टेबलावरची म्हणते, “ताई, बसा हो, तुमच्या पायांना काय चाकं आहेत का?”

अठरा हजार बाटल्यांना सोळा दिवस लागले. सतराव्या दिवशी रेडिओ जेवणाचा डबा न उघडताच आली.

“झालं ताई. सतरा निघाल्या. सगळ्या प्रकार अकरा. ऑडिटरबाईंना कळवलंय, बॅच फोडून टाकणार. साहेब म्हणाले, ताईंनी ‘सर्व’वर सही केली असती तर या सतरा गेल्या असत्या कुठच्या कुठे.”

“माझ्या किती?”

“म्हणजे?”

“ट्रेवर तपासणारीची सही असते. त्या सतरांतल्या माझ्या सहीच्या किती?”

“कशाला पाहिजे आता तुम्हाला?”

“किती?”

रेडिओने हातातला डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाली, “चार. माझ्या पाच आहेत, ताई. बाकीच्या इतरांच्या.”

“आणि त्या दिवशी मी काय लिहिलं होतं त्यांना?”

“काय लिहिणार? हिरव्या ट्रेमधल्या ना त्या. हिरव्यापुढे काही लिहितच नाही आपण.”

भिंगताईंनी मान हलवली. मग हातातलं लेबल खाली ठेवलं आणि, सुट्टी संपायला अजून दहा मिनिटं होती तरी, आपल्या नजरेतून सुटलेल्या त्या चार बाटल्यांचे नंबर कागदावर लिहून मागायला साहेबांच्या खोलीकडे निघाल्या.